माझा समुद्र ऑफिसला जातो

मास्तरांनी फ्रेंच शिकवायला घेतलं तेव्हा आपल्याला फ्रेंच येत नाही ही अडचण त्यांना फारशी मोठी वाटली नव्हती. अडतीस वर्षं त्यांनी भूमिती शिकवली होती. त्रिकोणाच्या बाजू बोटांवर मोजणाऱ्या पोरांकडून प्रमेयं सिद्ध करून घेतली होती. शिकवणाऱ्याला मूल कळलं पाहिजे, विषय काय, तो वाटेत कळतो, असं त्यांचं मत होतं आणि ते जिन्यात भेटेल त्याला ते ऐकवत असत. निवृत्त झाल्यापासून जिना हाच त्यांचा वर्ग होता.

झालं होतं असं, की त्यांच्या नातीला सहामाहीत फ्रेंचमध्ये पन्नासपैकी अकरा गुण पडले. नातीला घरात भिंगरी म्हणत. एका जागी पाच मिनिटं न बसल्याबद्दल तिला मिळालेलं ते नाव. शाळेचा नियम साधा होता. दोन्ही परीक्षा मिळून शंभरात चाळीस पडले तर ‘अ’ तुकडीत राहायचं, नाही तर पुढच्या वर्षी ‘ड’ तुकडीत जायचं. ‘ड’ तुकडीला फ्रेंच नव्हतं. ती मागच्या इमारतीत, दुपारी भरायची. आणि मुख्य म्हणजे तिथे चष्मिश नव्हती. चष्मिश ही खालच्या मजल्यावरची, भिंगरीची बालवाडीपासूनची मैत्रीण. दोघी सकाळी बरोबर जायच्या, बरोबर यायच्या, आणि घरी आल्यावर दिवसभरात बोलायचं राहून गेलेलं खिडकीतून ओरडून एकमेकींना सांगायच्या.

“आजोबा, मला वार्षिकला एकोणतीस पाहिजेत,” भिंगरी म्हणाली. गणित तिचं चांगलं होतं. “नाही तर मी गेलेच.”

“कुठे जातेस? मी आहे ना.”

हे तीन शब्द मास्तरांना पुढे बरेच दिवस ऐकू येत राहिले.

सूनबाईंनी शिकवणी लावायचं सुचवून पाहिलं. मास्तरांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. घरात याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता.

“घरात शिक्षक असताना शिकवणी?”

“तसं नाही बाबा, पण फ्रेंच...”

“भाषा म्हणजे शब्द. शब्द म्हणजे पाठांतर. आणि पाठांतर मुलांकडून करून घ्यायचं नसतं, खेळता खेळता व्हायला हवं. मी शब्दकोडी करणार.”

“तुमचं शेजाऱ्यांशी मराठीत पटत नाही,” स्वयंपाकघरातून आजी म्हणाल्या, “फ्रेंच कुणाशी बोलणार आहात?”

मास्तरांनी वाचनालयातून एक जुनं पुस्तक आणलं. त्यात प्रत्येक पानावर तीन रकाने होते. पहिल्यात मराठी अर्थ, मधल्यात फ्रेंच शब्द त्यांच्या लिपीत, तिसऱ्यात त्याचा उच्चार आपल्या लिपीत. मास्तर मोठ्या उमेदीने मधल्या रकान्यापासून सुरू झाले आणि दुसऱ्याच पानावर अडखळले. पाण्याला फ्रेंचमध्ये ‘ओ’ म्हणतात. हा ‘ओ’ लिहायला तीन अक्षरं लागतात आणि त्या तिन्हींत ‘ओ’ हे अक्षरच नाही. मास्तरांनी भिंग आणून पुन्हा पाहिलं. खरंच नव्हतं. मांजराला ‘शा’ म्हणायचं आणि शेवटी एक ‘ट’ लिहून गप्प बसायचं. भूमितीच्या माणसाला हे सहन होणं कठीण होतं. जी रेघ सिद्धतेला लागत नाही ती मास्तरांनी आयुष्यात कधी काढू दिली नव्हती.

“जे बोलायचं नाही ते लिहायचं कशाला?” त्यांनी आजींना विचारलं.

“तुम्ही इतकं बोलता, त्यातलं काय लिहिण्यासारखं असतं?” आजी म्हणाल्या, पण तो वेगळा विषय होता.

तेव्हा मास्तरांनी जो निर्णय घेतला तो त्यांना त्या वेळी अत्यंत तर्कशुद्ध वाटला. मधला रकाना सोडून द्यायचा. आपली लिपी काय कमी आहे? बोलतो तसं लिहिते, लिहिते तसं बोलते. एका घरात एक अक्षर, काना-मात्रेसकट. ओ म्हणजे एक घर. शापो म्हणजे टोपी, दोन घरं. एलेफाँ म्हणजे हत्ती, तीन घरं. हत्तीला तीन घरं पुरतात हे पाहून त्यांना बरंच वाटलं. त्या दुपारी त्यांनी पट्टी-पेन्सिल घेऊन पहिलं कोडं आखलं. त्याचे काटकोन इतके चोख होते की नंतर जे काही झालं त्याचा दोष काटकोनांना कुणीच देऊ शकलं नाही.

कोडं भिंगरीला आवडलं. नुसतं आवडलं नाही, ती ते सोडवताना पंचवीस मिनिटं एका जागी बसली. सूनबाईंनी दारातून पाहिलं आणि शिकवणीचा विषय पुन्हा काढला नाही. चार दिवसांत भिंगरी जेवताना ‘पें’ मागायला लागली, म्हणजे पोळी. पाव म्हणायचं होतं, पण घरात पोळी होती. आठव्या दिवशी शेजारची दोन मुलं आली, मग त्यांची भावंडं. महिन्याभरात एकाच शाळेतली, फ्रेंचचा एकच पेपर असलेली सहावी-सातवीची बारा मुलं मास्तरांच्या बैठकीच्या खोलीत जमिनीवर पालथी पडून आडवे आणि उभे शब्द शोधत होती. मास्तर त्यांच्या पायांमधून वाट काढत फिरायचे. इतके सुखी ते निवृत्तीनंतर कधी झाले नव्हते.

“बहीण! एक नंबर आडवा, दोन घरं.”

“सर!”

“काय रे?”

“तुम्ही नाही, उत्तर. बहिणीला फ्रेंचमध्ये सर म्हणतात.”

बारा मुलं खोखो हसली. अडतीस वर्षं हजारो मुलं आपल्याला बहीण म्हणून हाक मारत होती हे मास्तरांना तेव्हा समजलं. त्यांनी तो विनोद जिन्यात चौघांना सांगितला आणि वाण्याच्या दुकानातही सांगितला. वाण्याने विचारलं, “मग साबण कुठला देऊ, ताई?” त्यानंतर त्यांनी तो सांगणं बंद केलं.

पण त्यांना खरा हर्ष झाला तो दोन शब्दांचा. आईला ‘मेर’ म्हणतात. समुद्रालाही ‘मेर’. मास्तर खिडकीशी उभे राहून बराच वेळ विचार करत राहिले की ज्या लोकांनी आईला आणि समुद्राला एकच शब्द ठेवला ते लोक काही वाईट नसणार. आणि दुसरा शब्द ‘वेर’. वेर म्हणजे हिरवा. वेर म्हणजे काचेचा पेला. वेर म्हणजे अळी. पुस्तकात तो तीन वेगवेगळ्या पानांवर होता, मधल्या रकान्यात तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहिलेला. पण मधला रकाना मास्तरांनी बघायचं सोडलंच होतं. कोडं करणाऱ्याला असा शब्द म्हणजे पर्वणी. कुठेही कोपरा अडला की तिथे वेर बसायचा. बारा मुलांनी तो इतक्या वेळा लिहिला की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्यांनी बरोबर सांगितला असता.

एकदा, फक्त एकदा, भिंगरी पेन्सिल चावत म्हणाली, “आजोबा, पण बाई फळ्यावर वेगळंच काहीतरी लिहितात.”

“लिहिणं मागून येतं,” मास्तर म्हणाले. “आधी बोलणं. तू सुद्धा आधी बोललीस आणि मग लिहायला लागलीस, की नाही?”

“हो.”

“मग झालं तर.”

मुलाला गप्प करणं आणि मुलाला पटणं यांतला फरक मास्तर तरुण शिक्षकांना नेहमी समजावून सांगत. त्या दिवशी मात्र तो त्यांच्या लक्षात आला नाही.

तशी त्यांना शंका आली नव्हती असं नाही. एकदा ते धुतलेला शर्ट घालून शाळेपर्यंत जाऊनही आले. फ्रेंचच्या बाईंना भेटावं, कोडी दाखवावी, असं मनात होतं. दारावरच्या वहीत नाव, वेळ आणि ‘कामाचे स्वरूप’ असे रकाने होते.

“काय काम आहे?” पहारेकऱ्याने विचारलं. “बाईंना काही शिकवायचंय का?”

“नाही.”

“मग शिकायचंय?”

पहारेकऱ्याने ते चेष्टेने विचारलं नव्हतं. त्याला वहीत काहीतरी लिहायचं होतं, एवढंच. तेवढ्यात पटांगणातून फ्रेंचच्या बाई गेल्या. पंचविशीची मुलगी, पाठीवर पिशवी, हातात खडूचा डबा. मास्तरांच्या विद्यार्थ्यांची मुलं त्या वयाची असतील. मास्तर म्हणाले, “पुन्हा येईन,” आणि परत आले. ‘शिकायचं आहे’ एवढे दोन शब्द त्यांच्याने त्या वहीत लिहवले नाहीत.

बैठकीची खोली पुरेना तेव्हा त्यांनी सोसायटीच्या तळमजल्यावरची सभेची खोली मागितली. सोसायटीच्या चिटणिसांना सगळे ‘नियमावली’ म्हणत, कारण ते नमस्काराला सुद्धा कलम लावून उत्तर देत. नियमावलींनी छापील अर्ज पुढे केला. खोली कशासाठी हवी, या प्रश्नापुढे तीनच पर्याय होते: सभा, समारंभ, दुरुस्ती.

“यात शिकवणं नाही,” मास्तर म्हणाले.

“नसणारच. शिकवण्याला खोली देता येत नाही.”

“मग काय लिहू?”

“सभेला सात दिवस आधी सूचना लागते. समारंभाला अनामत लागते. दुरुस्तीला काही लागत नाही. दुरुस्ती लिहा.”

अशा रीतीने फ्रेंचचा वर्ग दुरुस्ती म्हणून नोंदवला गेला आणि खोलीच्या दारावर ‘काम चालू आहे’ अशी पाटी लागली. मास्तरांना त्यात गैर वाटलं नाही. शिकवणं ही एक प्रकारची दुरुस्तीच, असं ते आजींना म्हणाले. “कुणाची ते कळेल,” आजी म्हणाल्या.

आता जागा मोठी, म्हणून सल्लेही मोठे यायला लागले. दुसऱ्या मजल्यावरचे दाताचे डॉक्टर एका परिषदेसाठी आठ दिवस परदेशी राहून आले होते आणि त्या आठ दिवसांवर त्यांनी नऊ वर्षं संभाषण चालवलं होतं. ते दारात उभे राहून ऐकत होते. म्हणाले, “मास्तर, सगळं बरोबर आहे, पण नाक कुठाय?”

“कुणाचं?”

“भाषेचं! फ्रेंच ही नाकातून बोलायची भाषा. मुलांना नाक धरायला लावा. ‘मेझों’ म्हणजे घर, म्हणायला सांगा. बघा कसं घर उभं राहतं.”

बारा मुलांनी नाकं धरली आणि एका सुरात ‘मेझों’ म्हटलं. नाकातून बोलायचं तर नाक उघडं हवं हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. डॉक्टरांचा अभ्यास दातांचा होता. मुलांना तो प्रकार फार आवडला. दुसऱ्या दिवशीही ती नाक धरूनच बसली. बाहेरून जाणाऱ्या एका काकूंनी खिडकीतून पाहिलं: दारावर ‘काम चालू आहे’ची पाटी आणि आत नाकं धरून बसलेली बारा मुलं. काकूंनी नियमावलींना सांगितलं. नियमावलींनी सांडपाण्याची नळी फुटल्याचं नोंदवहीत लिहिलं आणि प्लंबरला बोलावलं.

प्लंबर शांत स्वभावाचा होता. त्याने नाक वर करून वास घेतला. “वास तर काही येत नाही.”

“मुलांना येतोय,” नियमावली म्हणाले. “मुलांचं नाक तिखट असतं.”

फरशी उखडली. खाली नळी धडधाकट होती. उखडताना ती फुटली. मग वास आला. नियमावलींनी मास्तरांकडे अशा नजरेने पाहिलं, की बघा, मी म्हटलं नव्हतं?

वर्ग जिन्यात आला. एका पायरीवर दोन मुलं, सहा पायऱ्या. वरच्या-खालच्या लोकांना मुलांना ओलांडून जाताना एकेका शब्दाचं उत्तर द्यावं लागायचं, असा मुलांनीच नियम केला. पोस्टमनला सुद्धा ‘लेत्र’, म्हणजे पत्र, येऊ लागलं. ‘लिव्र’ची, म्हणजे पुस्तकाची, घरं दोन की तीन यावरून दोन बाप एकमेकांशी आठवडाभर बोलत नव्हते. एकजण म्हणे जोडाक्षर एका घरात, दुसरा म्हणे अर्धं अक्षर म्हणजे अर्धं भाडं. शेवटी मास्तरांनी निवाडा दिला: जोडाक्षर एकच घर. त्या निवाड्याला जिन्यात टाळ्या पडल्या. ज्या शब्दावरून एवढं रण माजलं तो फ्रेंच लोक कसा लिहितात, हे त्या जिन्यात एकाही माणसाने विचारलं नाही.

चष्मिश मात्र तेव्हा नव्हती. तिला गालगुंड झालं होतं. वर्ग सुरू व्हायला आणि तिचे गाल सुजायला एकच गाठ पडली, आणि पाठोपाठ तिच्या भावालाही झाल्यामुळे तिला जवळजवळ दोन महिने मुलांत पाठवलं नाही. ती बिचारी घरात बसून एकटी पाठ्यपुस्तकातले शब्द वहीत उतरवत बसायची. मास्तरांना तिची फार कीव यायची. एकदा त्यांनी दाराच्या फटीतून तिला कोडं सरकवलं. तिने ते परत पाठवलं. वर लिहिलं होतं: ‘आजोबा, हे मला वाचता येत नाही. शब्द खऱ्या अक्षरांत देता का?’

मास्तर हसले होते. आजारी मूल, असं म्हणाले होते.

परीक्षा झाली. तोंडी आधी होती. भिंगरी उड्या मारत आली, दहापैकी दहा. बाई म्हणाल्या होत्या, इतके स्वच्छ उच्चार या वर्षी कुणाचेच नाहीत. मास्तरांनी आजींकडे पाहिलं. आजींनी, कधी नव्हे ते, काहीच म्हटलं नाही. नंतर लेखी झाली.

“कशी गेली?”

“मस्त! सगळे आपलेच शब्द होते, आजोबा. वेर तर तीनदा आला.”

आठव्या दिवशी शाळेतून पत्र आलं. पत्र एकच नव्हतं. त्या सोसायटीत बारा पत्रं आली. विषय: परीक्षेतील सामूहिक गैरप्रकार.

बारा मुलांनी तीन वेगवेगळ्या खोल्यांत बसून तंतोतंत एकसारख्या चुका केल्या होत्या. शाळेच्या इतिहासात असं कधी झालं नव्हतं. उत्तरं फुटली असती तरी एक वेळ समजलं असतं, पण फुटलेली उत्तरं निदान बरोबर असतात. पत्रात पुढे म्हटलं होतं की समाधानकारक खुलासा न आल्यास बाराही मुलांचं वर्ष धरलं जाणार नाही.

सोसायटीत जो गोंधळ उडाला त्यात ‘लिव्र’चे दोन्ही बाप प्रथमच एका बाजूला झाले. दाताचे डॉक्टर म्हणाले, मी फक्त नाकाचं बोललो होतो. नियमावलींनी स्पष्ट केलं की सोसायटीच्या दप्तरी असा कुठलाही वर्ग भरलेला नाही. दुरुस्ती झाली होती आणि ती नळीची होती.

भिंगरी कोपऱ्यात बसली होती. “मी कॉपी नाही केली,” ती म्हणत होती. “आजोबा, खरंच नाही केली. सगळं मला येत होतं.”

“मला माहीत आहे,” मास्तर म्हणाले आणि धुतलेला शर्ट मागितला.

या खेपेला पहारेकऱ्याने काही विचारलं नाही.

मुख्याध्यापिकांच्या खोलीत फ्रेंचच्या बाई उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन बसल्या होत्या. त्यांनी मास्तरांना खुर्ची दिली. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मास्तरांना सोपं गेलं असतं.

“सर, हे बघा,” त्या म्हणाल्या. “‘गवताचा रंग कोणता?’ बारा जणांनी लिहिलंय वेर, पण नुसत्या उच्चारावरून, व्ही, ई, आर. तसं लिहिलं की त्याचा अर्थ अळी. गवत अळी आहे. इथे, ‘तुम्ही पाणी कशातून पिता?’ आम्ही अळीतून पाणी पितो. आणि पाणी म्हणून नुसता एक गोल काढलाय. तपासनिसांना वाटलं, मुलांनी स्वतःच स्वतःला शून्य दिलंय.”

मुख्याध्यापिका खोकल्या. ते हसू होतं.

“आणि हा निबंध. ‘माझी आई’, पाच वाक्यं. मराठीत सांगते. माझा समुद्र उंच आहे. माझा समुद्र मला सकाळी हाक मारतो. माझा समुद्र डबा भरतो. माझा समुद्र ऑफिसला जातो. मला माझा समुद्र फार आवडतो.” बाई थांबल्या. “वाक्यरचना अगदी बरोबर आहे, सर. हा पेपर तुमच्या नातीचा. हे वाचून मी... पण गुण कसे देणार? एकही शब्द लिहिता येत नाही तिला.”

मास्तरांनी खिशातून कोडी काढून टेबलावर ठेवली. चाळीस कोडी, चोख काटकोन. बाईंनी एकेक पाहिलं. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडत गेला, आणि तो पडताना पाहणं मास्तरांच्या जिवावर आलं.

“तुम्ही आपल्या लिपीत...? सगळं?”

“सगळं.”

“तुम्हांला फ्रेंच येतं?”

“नाही.”

“तुम्ही मला एकदा भेटला असतात ना,” बाई म्हणाल्या. “इतकं सुंदर काम आहे हे. मी शब्द लिहून दिले असते. अर्ध्या तासाचं काम होतं.”

मास्तरांनी कोडी गोळा करून त्यांच्या कडा जुळवल्या.

खुलासा लेखी द्यावा लागणार होता. कार्यालयाच्या खिडकीशी कारकुनाने छापील नमुना काढला. “गैरप्रकाराचं साधन. चिठ्ठी, मोबाइल, अन्य.”

“गैरप्रकार झालाच नाही. तेच तर लिहायचंय.”

“ते खाली लिहा. पण वरचा रकाना मोकळा ठेवता येत नाही. काय करू, अन्य?”

“अन्य.”

“अन्य काय ते पुढे लिहावं लागतं.”

मागे रांगेत चार माणसं होती. मास्तरांनी थोडा विचार केला.

“आजोबा,” ते म्हणाले.

कारकुनाने मान वर करून पाहिलं, मग लिहिलं. खाली मास्तरांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहून दिलं, की बाराही मुलं निर्दोष आहेत, त्यांनी एकमेकांचं पाहिलेलं नाही. सदर चुका मी शिकवल्या आहेत. मला सदर विषय येत नाही. मी अडतीस वर्षं शिक्षक होतो. शेवटचं वाक्य कारकुनाने खोडलं. “याची गरज नाही,” तो म्हणाला. मास्तरांनाही ते पटलं. ते सिद्धतेला लागत नव्हतं.

बारा मुलांवरचा ठपका निघाला. अकरा मुलांना सहामाहीत बरे गुण होते, ती रखडत का होईना तरली. चष्मिशला लेखीत चाळीसपैकी अडतीस पडले. सोसायटीतल्या मुलांत मास्तरांच्या वर्गाला न आलेली ती एकटी होती. भिंगरीचे सहामाहीचे अकरा, तोंडीचे दहा, आणि लेखीत जोड्या लावताना नशिबाने जुळलेले दहा. एकतीस. मास्तरांनी ती बेरीज तीन वेळा केली. भूमितीच्या माणसाला बेरीज पुन्हा करायची गरज नसते.

घरात कुणी त्यांना बोललं नाही. सूनबाईंनी फक्त नवीन वेळापत्रक भिंतीवर लावलं. आजी दोन दिवस टोमणा मारायला विसरल्या, आणि ते मास्तरांना सर्वांत जास्त लागलं. भिंगरी पहिल्या दिवशी रडली, दुसऱ्या दिवशी खिडकीतून चष्मिशशी ओरडून बोलली, तिसऱ्या दिवशी थोडं कमी बोलली. बोलायचं राहून गेलेलं सांगायला आधी दिवस बरोबर काढावा लागतो.

शाळा उघडली त्या सकाळी चष्मिश एकटी गेली. तिच्या पावलांचा आवाज जिन्यावरून खाली जाईपर्यंत भिंगरी दाराशी उभी होती. मास्तर आतल्या खोलीत वाचनालयाचं ते पुस्तक उघडून बसले होते. एक शब्द त्यांना हवा होता. तो सापडल्यावर त्यांनी या वेळी तिसरा रकाना हाताने झाकला आणि मधला बघून, भिंग धरून, कागदावर एकेक अक्षर काढलं. सहा अक्षरं, त्यांतल्या दोघांच्या डोक्यावर एकेक तिरकी रेघ. त्यांना वेळ लागला. अक्षर कच्चं आलं, पहिलीतल्या मुलासारखं.

त्यांनी कागद भिंगरीच्या हातात दिला.

“हे काय आहे?”

“वाच.”

तिने कागद जवळ धरला. “दे... देसोल?” ती थांबली. “मला वाचता नाही येत, आजोबा.”

“देझोले,” मास्तर म्हणाले.

“म्हणजे?”

कागदावर लिहून भागेल, अशी त्यांची अटकळ होती. “म्हणजे,” ते म्हणाले, “माझं चुकलं, बाळा.”

 भिंगरीने एका रेघेवर बोट ठेवलं.

“ही अशी तिरकी रेघ कशाला काढतात?”

“मला माहीत नाही.”

ती जरा चकित होऊन त्यांच्याकडे बघायला लागली.

“तुझ्या बाईंना विचार,” मास्तर घाईने म्हणाले. “लगेच विचार. त्या सांगतील.”

“त्या आता माझ्या बाई नाहीत, आजोबा,” भिंगरी म्हणाली. ती रागावली नव्हती; म्हाताऱ्या माणसाला आज वार कोणता ते सांगावं, तसं तिने सांगितलं. कागदाची नीट घडी करून तिने तो त्यांच्या हातात परत दिला, आणि दुपारची शाळा होती म्हणून ती केस विंचरायला आत गेली.